स्टील कट ओट्स: शेगडीपाशी उभं न राहता शिजवायचे कसे

स्टील कट ओट्स शिजायला अर्धा तास लागतो, हे पाकिटावर वाचूनच पुष्कळ जण ते परत फळीवर ठेवतात आणि चपट्या ओट्सचं पाकीट उचलतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. ओट्सची खमंग चव आणि दाताखाली येणारा भरीव दाणा मिळतो तो या कापलेल्या ओट्समध्येच. वेळ लागतो हे खरं आहे, पण त्या वेळात काम चाललेलं असतं दाण्याचं: पाणी शोषायचं आणि फुगायचं. आपली गरज असते ती सुरुवातीला दोन-तीन मिनिटं आणि शेवटी चार-पाच मिनिटं. मधला वेळ रात्रीवर सोपवता येतो, थर्मासवर सोपवता येतो, कुकरवर सोपवता येतो. ते कसं सोपवायचं, एवढंच मला इथे सांगायचं आहे.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक पहाटेच येतात, त्यामुळे मला त्यांच्याही आधी घर सोडावं लागतं, आणि घरचा नाश्ता माझ्याकडे आहे. आईला कवळी आहे, तिला मऊ लागतं. मुलगी पोहण्याच्या सरावाहून भुकेली येते, तिला चावून खायला आवडतं. दोघींचं एकाच पाकिटातून भागतं. मोजून-मापून करायची सवय कामातून आलेली आहे, म्हणून पुढे आकडे बरेच येतील. पहिल्या काही वेळा ते पाळा. नंतर हाताला अंदाज येतो.

आधी दाण्याकडे बघा

ओटच्या दाण्याचं टरफल काढलं की आतला अख्खा दाणा उरतो. तो पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकड्यांत कापला की स्टील कट ओट्स झाले. तोच दाणा वाफवून रुळांमधून चपटा काढला की रोल्ड ओट्स, आणि आणखी बारीक, आणखी पातळ केला की झटपट होणारे इन्स्टंट ओट्स. धान्य एकच असल्यामुळे पोषणही जवळपास सारखंच असतं: कोरड्या ४० ग्रॅममध्ये साधारण १५० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं आणि ४ ग्रॅम तंतुमय पदार्थ. फरक आहे तो वेगाचा. पातळ चपट्या तुकड्यात पाणी लगेच शिरतं. कापलेल्या जाड तुकड्यात ते कडेकडेनं, सावकाश आत सरकतं. पचतानाही असंच होतं. इन्स्टंट ओट्स खाल्ल्यावर रक्तातली साखर भराभर चढते, जाड तुकड्यांनी ती तुलनेनं हळू चढते. अर्थात मधुमेह असेल तर वाटीचं माप पाळावंच लागतं. ओट्स जाड आहेत म्हणून दोन वाट्या खाल्ल्या तर फायदा तिथेच संपला.

ओट्समध्ये बीटा ग्लुकन नावाचा, पाण्यात विरघळणारा तंतुमय घटक असतो. शिजलेल्या ओट्सना जो गुळगुळीत दाटपणा येतो, त्यात पिष्टाइतकाच याचाही वाटा असतो. कोलेस्टेरॉल कमी व्हायला तो मदत करतो, आणि रोज ३ ग्रॅम इतकं हे प्रमाण धरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली. ४० ग्रॅम ओट्समधून त्यातला अर्धा वाटा मिळतो. स्वयंपाकाच्या दृष्टीनं लक्षात ठेवायचं ते असं की हा घटक पाण्यात उतरतो. म्हणून ओट्स ज्या पाण्यात भिजवले तेच पाणी शिजवायला वापरा, फेकू नका.

भिजवल्यानं फायटिक आम्ल, म्हणजे धान्यातलं लोह-जस्त शरीरात नीट शोषू न देणारा घटक, निघून जातं असंही पुष्कळदा सांगितलं जातं. ओट्सच्या बाबतीत त्यावर फार भिस्त ठेवू नका. ते आम्ल मोडणारं विकर (एन्झाइम) ओटमध्ये मुळातच कमी असतं, आणि ओट्स खवट होऊ नयेत म्हणून कारखान्यात त्यांना जी उष्णता देतात तिच्यात उरलंसुरलं विकरही निकामी होतं. भिजवायचं ते सकाळचा वेळ वाचवण्यासाठी.

पाण्याचं माप

पुढे कप म्हणतो तो २४० मिलिलिटरचा. १ कप कोरडे ओट्स म्हणजे साधारण १७० ग्रॅम, आणि त्यात चार माणसांचा नाश्ता होतो. दाणा जरा टणक, सुटा हवा असेल तर १ कपाला ३ कप पाणी. मऊ आणि दाट हवे असतील तर ४ कप. आईसाठी मी साडेचार कप घेतो आणि दहा मिनिटं जास्त शिजवतो.

माप दुप्पट केलं तर पाणी मात्र दुप्पट करू नका. मोठ्या पातेल्यातून त्या मानानं कमी पाणी आटतं, त्यामुळे २ कप ओट्सना ७ कप पुरतं. उंच डोंगराळ जागी राहत असाल तर वेळ वाढवा. तिथे पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर साधारण ९५ अंशांना. तिथे कुकरची पद्धत सगळ्यात सोयीची.

मीठ सुरुवातीलाच घाला, १ कप ओट्सना पाव छोटा चमचा. वरून गोड काही घालणार असाल तरी मीठ हवंच. नंतर वरून घातलेलं मीठ दाण्याच्या आत पोचत नाही आणि ओट्स सपक लागतात.

साधी पातेल्याची पद्धत, एकदा तरी करून बघा

बाकीच्या पद्धती याच पद्धतीतून निघतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी ही एकदा सावकाश करा. जाड बुडाचं आणि गरजेपेक्षा मोठं वाटेल असं पातेलं घ्या. ओट्सना फेस येतो आणि तो बघता बघता उतू जातो. पातेल्यात मोठा चमचाभर लोणी वितळवा, १ कप ओट्स घाला आणि मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं परता. रंग किंचित गडद झाला आणि भाजल्याचा वास सुटला की थांबा. हे परतणं टाळलं तरी ओट्स शिजतील, पण चवीत जो फरक पडतो तो बघता मी ते कधी टाळत नाही. शिवाय लोण्यामुळे फेसही कमी येतो.

दुसरीकडे ४ कप पाणी उकळत ठेवलेलं असू द्या. ते जपून, थोडं थोडं ओता. गरम लोण्यावर पाणी पडल्याबरोबर जोरात वाफ उठते, म्हणून चेहरा लांब ठेवा. मीठ घाला, पुन्हा उकळी फुटली की आच अगदी मंद करा आणि झाकण तिरपं ठेवा. आता पंधरा मिनिटं तुमची आहेत. मधे एकदा तळापासून ढवळलं की पुरे. पंधरा मिनिटांनंतर पाणी दाट होऊ लागतं आणि बुडाला लागायची भीती सुरू होते, तेव्हा दर दोन-तीन मिनिटांनी पळी तळापर्यंत फिरवा. पंचवीस ते तीस मिनिटांत दाणा शिजतो.

शिजला का हे चावून बघा. तुकडा दातांखाली थोडा प्रतिकार करून मग दबला पाहिजे, मधे पांढरा कोरडा ठिपका राहता कामा नये. या वेळी ओट्स तुम्हाला हवे त्यापेक्षा पातळ दिसले तरी गॅस बंद करा, झाकण घट्ट लावा आणि पाच मिनिटं थांबा. त्या पाच मिनिटांत ते दाटून येतात. हवा तितका दाटपणा पातेल्यातच येईपर्यंत जे आटवत बसतात, त्यांच्या ताटलीत पोचेपर्यंत ओट्सचा गोळा झालेला असतो.

रात्रीची पद्धत, जी मी सगळ्यात जास्त वापरतो

रात्रीची भांडी आवरताना शेगडीवर ४ कप पाणी उकळायला ठेवा. उकळी आली की मीठ आणि १ कप ओट्स घाला, एक मिनिट खळखळू द्या, गॅस बंद करा आणि झाकण घट्ट लावून ठेवा. ओटा पुसणं, डबे भरणं, दूध तापवणं, जे काही असेल ते करा. तासाभरात दाणा चांगला फुगलेला असतो आणि पातेल्यातलं बरंचसं पाणी त्यानं घेतलेलं असतं. आता ते सगळं एका पसरट डब्यात ओता म्हणजे लवकर निवेल, आणि डबा झोपण्याआधी फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी पातेल्यात काढून अर्धा-पाऊण कप पाणी किंवा दूध घाला, गाठी पळीनं फोडा आणि पाच-सात मिनिटं उकळा. चव अर्धा तास शिजवलेल्या ओट्सइतकीच चांगली येते.

ही पद्धत सांगताना पुष्कळ जण पातेलं रात्रभर ओट्यावरच ठेवायला सांगतात. मी ते करत नाही आणि तुम्हीही करू नका, विशेषतः हवा गरम असेल तर. बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू धान्यात असू शकतात. ते उकळीतही तगतात, आणि शिजलेलं धान्य कोमट होऊन तासन् तास पडून राहिलं की त्यात हे जीवाणू पुन्हा वाढतात. उलट्या करवणारं त्यांचं जे विष आहे, ते सकाळी पुन्हा उकळल्यानं नष्ट होत नाही. अन्न ६० अंशांच्या वर तरी असावं किंवा ५ अंशांच्या खाली तरी, मधे रेंगाळू नये. निवायला लागल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, हा नियम माझ्या घरात पक्का आहे.

रात्री शेगडी पेटवायचाही कंटाळा असेल तर त्याहून सोपं: १ कप ओट्स आणि ३ कप थंड पाणी डब्यात घालून थेट फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी त्याच पाण्यासकट पातेल्यात ओता, आणखी १ कप पाणी आणि मीठ घाला आणि उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं शिजवा. गरम पाण्यात भिजवलेल्यांपेक्षा हे जरा जास्त वेळ घेतात, कारण थंड पाण्यानं पिष्ट फुगत नाही, दाणा फक्त ओला होतो. तरी अर्ध्याहून जास्त वेळ वाचतो.

थर्मास

ज्याला एकट्यापुरते किंवा दोघांपुरते करायचे आहेत, ज्याच्याकडे नीट स्वयंपाकघर नाही, जो वसतिगृहात राहतो किंवा पहाटे प्रवासाला निघतो, त्यानं हीच पद्धत शिकावी. थर्मास रुंद तोंडाचा, निर्वात भिंतीचा, साधारण ६०० मिलिलिटरचा घ्या. अरुंद तोंडाचा घेतला तर ओट्स बाहेर काढताना आणि नंतर तो धुताना हाल होतात.

थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून पाच मिनिटं तसाच ठेवा, म्हणजे आतली भिंत तापेल. तेवढ्यात पातेल्यात २ कप पाण्याला उकळी आणून त्यात अर्धा कप ओट्स आणि चिमूटभर मीठ घाला आणि तीन मिनिटं उकळा. ही तीन मिनिटं महत्त्वाची आहेत. कोरड्या थंड ओट्सवर नुसतं उकळतं पाणी ओतलं तर दाणाच पाण्याची बरीच उष्णता खाऊन टाकतो, आणि मग शिजायला लागणारी उष्णता रात्रभर टिकत नाही. थर्मासमधलं पाणी ओतून द्या, उकळते ओट्स भरा, झाकण घट्ट फिरवा. थर्मास जवळजवळ भरलेला हवा. अर्धा रिकामा थर्मास लवकर निवतो. सहा-सात तासांनी उघडा: दाणा शिजलेला, गरम, खायला तयार.

नव्या थर्मासमध्ये पहिल्यांदा कराल तेव्हा सकाळी उघडल्या उघडल्या थर्मामीटर बुडवून बघा. आकडा ६० अंशांच्या वर असेल तर थर्मास या कामाचा आहे. खाली असेल तर ते ओट्स खाऊ नका, आणि पुढच्या वेळी त्याच थर्मासमध्ये करायचे असतील तर तीन-चार तासांतच उघडून खा. कारण तेच, जे वर सांगितलं. आणि थर्मासमध्ये दूध कधीही घालू नका. दूध नंतर, वाटीत.

कुकर

शिट्टीच्या कुकरमध्ये ओट्स थेट शिजवू नका. त्यांचा चिकट फेस वर चढतो आणि वाफेच्या नळीत अडकू शकतो, आणि ती नळी मोकळी राहणं ही कुकरच्या सुरक्षिततेची पहिली अट आहे. कुकरच्या तळाशी २ कप पाणी घाला, जाळी ठेवा आणि तिच्यावर एक खोल डबा. डब्यात १ कप ओट्स, ३ कप पाणी, मीठ आणि छोटा चमचाभर लोणी. एवढं घातल्यावर डबा अर्ध्यापर्यंतच भरला पाहिजे; त्याहून वर येत असेल तर माप कमी करा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून बारा मिनिटं ठेवा, मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढायची घाई करू नका, फेस त्या वाफेबरोबर बाहेर उडतो. उघडल्यावर वर पाणी आणि खाली दाणे असं दिसेल. घाबरायचं कारण नाही. ढवळा, दोन मिनिटं थांबा, ते एकजीव होतात.

विजेवर चालणाऱ्या प्रेशर कुकरमध्ये थेट शिजवता येतात, पण भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही. १ कपाला ३ कप पाणी, जास्त दाबावर चार-पाच मिनिटं, आणि त्यानंतर पंधरा मिनिटं तसाच बंद. चार मिनिटांनी दाणा टणकसर राहतो. मऊ हवा असेल तर आठ-दहा मिनिटं ठेवा. यात वेळ लावून ठेवायची सोय असते म्हणून ओट्स आणि पाणी रात्री भरून पहाटेची वेळ लावायचा मोह होतो. पाणी अगदी थंड असेल आणि खोली गार असेल तर ठीक, पण दूध घातलेलं असेल तर अजिबात नाही.

स्लो कुकरला १ कपाला ४ कप पाणी आणि मंदावर सात-आठ तास. त्यात एक अडचण असते: कडेचे ओट्स वाळून भांड्याला चिकटतात. त्यावर उपाय म्हणजे ओट्स-पाणी एका उष्णता सोसणाऱ्या वाडग्यात घालून तो वाडगा स्लो कुकरमध्ये ठेवायचा आणि भोवती वाडग्याच्या अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरायचं. कडा वाळत नाहीत आणि धुणंही सोपं होतं. ओव्हन असेल आणि पाहुणे असतील तर खोल भांड्यात १ कप ओट्स, ४ कप उकळतं पाणी, लोणी आणि मीठ घालून १९० अंशांवर झाकून पन्नास मिनिटं ते तासभर ठेवा. ढवळावं लागत नाही. मायक्रोवेव्हमध्ये कोरडे ओट्स शिजवायच्या फंदात पडू नका, ते हमखास उतू जातात. रात्री भिजवलेले मात्र मोठ्या वाडग्यात, निम्म्या शक्तीवर, मधेमधे ढवळत करता येतात.

आणखी एक उपाय माझ्या आईमुळे सापडला. कोरडे ओट्स मिक्सरमध्ये दोन-तीन वेळा, क्षणभरच फिरवा. तुकड्यांचे आणखी तुकडे होतात आणि पातेल्यात ते दहा-बारा मिनिटांत मऊ शिजतात. फिरवताना जे पीठ होतं ते चाळून घ्या, नाहीतर सगळं चिकट होतं. चाळलेलं पीठ सूप दाट करायला वापरता येतं. चावायला त्रास असलेल्या माणसासाठी मला हे सगळ्यात योग्य वाटतं, कारण चव कापलेल्या ओट्सची राहते आणि चावावं मात्र लागत नाही.

मुलीच्या आवडीची तऱ्हा याच्या अगदी उलट. भरपूर उकळत्या मिठाच्या पाण्यात ओट्स वीस मिनिटं शिजवायचे आणि चाळणीवर निथळून घ्यायचे. दाणे सुटे, टणकसर राहतात. निवल्यावर त्यात काकडी, टोमॅटो, उकडलेलं अंडं, लिंबू, मिरपूड आणि तेल घातलं की ते पोटभरीचं होतं. पाण्याबरोबर थोडे विरघळणारे तंतू जातात, पण ते निथळलेलं पाणी ठेवून सूपमध्ये घातलं तर तेही वाया जात नाहीत.

दूध, फळं आणि बाकीचं

दूध सुरुवातीपासून घातलं की तीन गोष्टी होतात: बुडाला लागतं, उतू जातं आणि दाणा सावकाश शिजतो. पाणी-दूध मिसळूनच हवं असेल तर ४ कपांपैकी ३ कप पाण्यात दाणा जवळजवळ पूर्ण शिजवा आणि शेवटच्या आठ-दहा मिनिटांत गरम दूध घाला.

कुठलं फळ कधी घालायचं, यावर बरंच अवलंबून असतं. बेदाणे किंवा जर्दाळूचे तुकडे सुरुवातीलाच घातले तर फुगून रसाळ होतात आणि त्यांचा गोडवा सगळीकडे उतरतो. पुष्कळदा मग साखर लागतच नाही. किसलेलं सफरचंद आणि दालचिनी निम्म्या वेळेनंतर. पिकलेलं केळं शेवटच्या पाच मिनिटांत कुस्करून घाला, ते विरघळून ओट्सना दाट आणि गोड करतं. आंबट फळं वाटीत, अगदी शेवटी, कारण गरम दुधात आंबट पडलं की दूध फाटतं. बदाम, अक्रोड, भोपळ्याच्या बिया भाजून वरून घाला. आत शिजवल्या तर त्यांचा कुरकुरीतपणा जातो. जवस कुटून घालणार असाल तर थोडं पाणी जास्त घ्या, जवस पाणी ओढतं.

तिखटमिठाचे ओट्स मला गोडापेक्षा जास्त आवडतात. तेलात कांदा, लसूण आणि मश्रूम परता, त्यातच कोरडे ओट्स घालून भाजा, आणि साध्या पाण्याऐवजी भाज्या उकळलेलं पाणी घाला. शेवटी मूठभर पालक, मिरपूड, आणि वर अंडं. या पद्धतीत दाणा टणकसर ठेवा, म्हणजे ३ कपांचं माप.

ओट्समध्ये गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पण शेतात, गिरणीत आणि वाहतुकीत गहू-जवाचे दाणे त्यात मिसळतात. सिलिअॅक आजार, म्हणजे ग्लुटेननं आतड्याला इजा होण्याचा आजार, असेल तर ग्लुटेनमुक्त असल्याचं प्रमाणित केलेलंच पाकीट घ्या, आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण काही रुग्णांना ओटमधलं एव्हेनिन हे प्रथिनही सोसत नाही. तंतुमय पदार्थांची सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात अर्धी वाटीच खा आणि दिवसभर पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट फुगतं.

बिघडलं तर

बुडाला लागल्याचा वास आला की ढवळू नका. वरचे ओट्स अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्या आणि तळाला चिकटलेले तिथेच राहू द्या. ढवळलंत तर करपट वास सगळ्यात पसरतो आणि मग तो कशानंही जात नाही. पातळ झाले तर झाकण काढून पाच मिनिटं ठेवा. घट्ट झाले तर गरम पाणी थोडं थोडं घालून फेटल्यासारखे ढवळा. अर्ध्या तासानंतरही दाणा आत कच्चा असेल तर बहुतेक वेळा आच इतकी मंद राहिलेली असते की पाणी उकळतच नव्हतं. पृष्ठभागावर अधूनमधून बुडबुडे फुटताना दिसले पाहिजेत.

जास्तीचे करून ठेवायचे असतील तर

शिजलेले ओट्स फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगले राहतात. पहिल्या रात्रीच ते घट्ट वडीसारखे होतात, हे त्यांचं नेहमीचंच आहे. एका वाटीला तीन-चार मोठे चमचे पाणी किंवा दूध घालून काट्यानं फोडा आणि मधोमध वाफ येईपर्यंत गरम करा. सगळा डबा रोज गरम करून परत ठेवू नका, लागेल तेवढेच काढा. गोठवायचे असतील तर केकच्या साच्यात वाटी-वाटीएवढे भरा, गोठले की काढून पिशवीत ठेवा. दोन-तीन महिने टिकतात. माझ्या रात्रपाळ्या असतात त्या आठवड्यात घरात याच गोठवलेल्या वड्या चालतात: रात्री दोन वड्या खाली फ्रीजमध्ये काढून ठेवायच्या, सकाळी कोणीही त्या गरम करून घेऊ शकतं.

कोरडे ओट्स हवाबंद डब्यात, शेगडीपासून लांब ठेवा. ओट्समध्ये स्निग्धांश गव्हापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे उष्ण जागी ते खवट होतात. डबा उघडल्यावर गवतासारखा, किंचित गोडसर वास आला पाहिजे. जुन्या तेलासारखा किंवा रंगासारखा वास आला तर ते टाकून द्या, भाजून तो वास झाकला जात नाही. मोठं पाकीट आणलं असेल तर निम्मं फ्रीजमध्ये ठेवा.

राहिलं पातेलं. ते रिकामं झाल्याबरोबर थंड पाण्यानं भरून ठेवा, गरम पाण्यानं नाही. गरम पाण्यात पिष्टाचा थर आणखी चिकट होतो. थंड पाण्यात तो तासाभरात सुटून येतो आणि हातानंच निघतो, तारेची घासणी लागत नाही.